गरुडछाप, किल्लीछाप

४ जून

टिल्ल्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. पहिल्या ओळीत दिला की तू पुढचं वाचत नाहीस, मला माहीत आहे.

फोनवर बोलायचं मी सोडलंय. तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि मधेच कुणाला तरी लिफ्टच्या दोरांवरून झापतोस. मला कळतच नाही, हो मला म्हणालास की त्याला. आणि आईला फोन पटत नाही. ठेवला की संपला. कागद असला की ती माझ्याकडून तीनतीनदा वाचून घेते आणि मग उशीखाली घालते. म्हणून कागदावर लिही. माझं चौथीपर्यंतचं अक्षर तुला लागतं, तुझं साहेबी अक्षर मला लागतं. भागतंय आपलं.

आता मुद्दा. आईचा एक डोळा गेला तो गेलाच. उरलेल्यात मोतीबिंदू पिकलाय. समोर उभी राहिले तर "कोण आहे?" विचारते, आणि आवाज ऐकला की "तूच होय" म्हणते, तेही जरा नाराजीनेच. डॉक्टरीण म्हणाली, आता केलं तर केलं, पुढे करून काही उपयोग नाही. आई वर्षभर नाही म्हणतेय. हाही गेला तर काय, ही भीती. काल जेवताना एकदम म्हणाली, "पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड राजाचं दिसणार असेल तर करते. नाहीतर आहे तेवढा उजेड-अंधार पुरे मला."

राजा म्हणजे तू. घरात दुसरा कुणी राजा नाही.

ऑपरेशन जुलैच्या एकोणीसला. पट्टी वीसला सकाळी सुटेल. येतोस की नाही एवढंच लिही. हो लिहिलंस तर मी ते तिला वाचून दाखवणार आणि ती त्या एका शब्दावर टेबलावर जाऊन झोपणार. म्हणून विचार करून लिही.

दुसरं. तुझं पार्सल पोचलं. एवढंसं घड्याळ, आत आकडेच नाहीत, चार काड्या आणि एका किल्लीचं चित्र. मला वाटलं खेळण्यातलं आहे. शेजारच्या चष्मेवाल्याने पाहिलं तर तो खुर्चीतून उठलाच. "बाई, हे कुणी दिलं?" भावाने, म्हटलं, अजून कोण देणार. तेव्हापासून तो मला अहो-जाहो करतोय. दुकानात कापूस उडतो तरी घालते. गादी टाचताना चकाकतं, त्याच्याकडे लक्ष जातं आणि दाभण बोटात जातो. मला असलं काही लागत नाही, तुला ठाऊक आहे. पण सण नाही, वाढदिवस नाही, आपणहून पाठवलंस. बरं वाटलं. हे एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस.

आशीर्वाद.

ताई


१३ जून

ती. ताई,

शेवटपर्यंत वाचलं, शप्पथ.

येणार म्हणजे येणार. आईला सांग, पट्टी सोडणाऱ्या नर्सच्या आधी मी पलंगापाशी उभा असेन. रजेचा अर्ज आजच टाकला. आमच्या लिफ्ट कंपनीत जुलैत सगळ्या बिल्डरांना एकाच वेळी घाई होते, पण त्यांचं ते बघतील.

आता एक हात जोडून विनंती. ते घड्याळ घालून गाद्या टाचू नकोस! कापसाचा तंतू आत गेला तर? आणि दाभण! ताई, त्या काचेवर ओरखडा उठला तर मला झोप लागणार नाही. डबीत ठेव, डबी कपाटात ठेव. वाटलं तर कधी उघडून बघ.

तुला वाटेल, घड्याळ म्हणजे घड्याळ. तसं नसतं. दोन मोठी घराणी आहेत असं समज. एक गरुडवाल्यांचं. ते दणकट. तीनशे मीटर खोल पाण्यात नेलं तरी चालतं, आणि रस्त्यावरचं पोरसुद्धा ते ओळखतं. दुसरं किल्लीवाल्यांचं. ते शांत. वरून बघशील तर काहीच नाही, पण आतल्या प्रत्येक चाकाची कड हाताने घासलेली असते, आणि मागच्या झाकणाच्या आत नक्षी कोरलेली असते. ओळखणाराच ओळखतो. मी गरुडापासून सुरुवात केली, सगळे तिथूनच करतात. आता जाण आली म्हणून मी किल्लीकडे आलोय.

दर रविवारी आम्ही काहीजण एका हॉटेलात भेटतो. टेबलावर मखमल पसरतो, आपापली घड्याळं काढून ठेवतो, बघतो, बोलतो. त्यात एक सिमेंटवाला आहे. त्याच्याकडे सात गरुड आहेत. माझ्या मनगटाकडे बघून तो नुसता "छान" म्हणतो. ते "छान" तू ऐकायला हवंस.

आईला नमस्कार सांग. पत्रातला घड्याळाचा भाग तिला वाचून दाखवू नकोस, काळजी करेल.

तुझा,
टिल्ल्या (ऑफिसात हे नाव कुणाला कळू देऊ नकोस)


२१ जून

टिल्ल्या,

तुझं "येणार म्हणजे येणार" आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं. मग तिने स्वतःच डॉक्टरणीला फोन लावायला लावला आणि "माझा मुलगा येतोय, आता कापा" असं सांगितलं. ती बाई हसली. आता शेजारीपाजारी, दूधवाला, पोस्टमन, सगळ्यांना ठाऊक झालंय की वीस जुलैला राजा येणार. मीच तेवढी काही बोलत नाही, कारण मी तुला तू जन्मल्यापासून ओळखते.

घड्याळाचा भाग वाचला नाही. तिची काळजी म्हणून नाही, मला लाज वाटली म्हणून.

तर तुझं एक गरुडछाप आणि एक किल्लीछाप. काड्यापेट्यांसारखं. तीनशे मीटर पाण्यात चालतं म्हणतोस. तुला कशाला लागतं रे ते? शाळेच्या सहलीत तळ्याच्या काठावर तुझा पाय घसरला तर "ताई, बुडालो, बुडालो" म्हणून गाव गोळा केलंस, आणि पाणी पोटरीच्या वर नव्हतं. तुझा सिमेंटवाला तरी पोहतो का? ढेरी असेल त्याला. तरंगेल फक्त.

आणि किल्लीछापाच्या आतल्या बाजूला नक्षी! जिथे कुणाची नजर जात नाही तिथे! म्हणजे मी गादीच्या आत, कापसाच्या खाली, भरतकाम करायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बाई, झोपा तुम्ही, पण लक्षात असू द्या, खाली मोर आहे. लोक मला दगड मारतील. तुमच्यात त्याला मान देतात.

मी विचार केला यावर. उशा भरताना डोकं रिकामंच असतं. गरुडछापवाल्याला वाटतं रस्त्यावरच्या सगळ्यांनी बघावं. किल्लीछापवाल्याला वाटतं एकानेच बघावं, पण तो एक भारी असावा. बघणारा दोघांनाही हवाच. दोघांना एकेकटं ओसाड बेटावर सोडलं तर दोघंही सावली बघून वेळ सांगतील आणि घड्याळाने नारळ फोडतील. यात कोण शांत आणि कोण दणकट? आमच्या बाजारात दोन भांडीवाल्या आहेत, रोज एकमेकींच्या ठेल्याकडे बघून नाक मुरडतात. त्या निदान भांडी तरी विकतात.

मखमल पसरता म्हणे. गोट्या खेळायचास तेव्हा माझी ओढणी पसरायचास. फरक काय पडला? तेव्हा निदान हरलास की रडायचास, मोकळा व्हायचास.

डबीत ठेव म्हणालास. नाही ठेवत. भावाने दिलेली वस्तू मी कपाटात घालून उघडून बघत बसू? देव आहे का ती? मनगटावरच राहील. ओरखडा एक उठलाय, आधीच सांगते, म्हणजे झोप कधी जाणार ते तुला ठरवता येईल.

येताना स्वतःचा टॉवेल आण. आशीर्वाद.

ताई


३० जून

ती. ताई,

तुझं पत्र वाचून हसलो आणि चिडलो, दोन्ही. आता एक आनंदाची बातमी देतो, टोमणा मारायच्या आधी पूर्ण वाच.

माझं नाव यादीत वर आलंय! किल्लीवाल्यांचं एक निळ्या तबकडीचं घड्याळ आहे. ते दुकानात पैसे टेबलावर ठेवूनही मिळत नाही. मागावं लागतं, आणि मग ते ठरवतात की द्यायचं की नाही. माणूस कसा आहे, मनापासून आवड आहे का, की उद्या विकून टाकेल, हे सगळं बघतात. त्यासाठी त्यांच्याकडे आपलं जाणंयेणं असावं लागतं, म्हणजे दुसऱ्या वस्तू आपण घ्यायच्या. विक्रेता सरळ सांगत नाही, पण सुचवतो. मी टेबलावरचं एक घड्याळ घेतलं, ते ऑफिसच्या कपाटात आहे. शर्टाची बटणं घेतली. मग तो म्हणाला, "सर, लेडीज कलेक्शनमधलं एखादं घेतलं तर वरच्या लोकांना बरं वाटतं." तेही घेतलं, चार काड्यांचं, छोटं. तुझ्या भावजयीने पट्टा बघून नाक मुरडलं, पण त्याच आठवड्यात माझं नाव सरकलं!

तुला हे विचित्र वाटेल. पण परवा त्याने मला आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं, कॉफी दिली आणि नावाने हाक मारली. तुला आठवतं, पहिल्या नोकरीत मी बिल्डरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून असायचो? शिपाई मला "ए लिफ्ट" म्हणायचा. आत जायची पाळी आली की समोरचा आधी मनगट बघायचा, मग तोंड. तेव्हापासून हे डोक्यात आहे. तू हसशील. हस.

सिमेंटवालाही त्याच घड्याळाच्या यादीत आहे. माझ्या खाली! सात गरुड असूनही!

आईला सांग, तिकीट काढलंय. एकोणीसच्या संध्याकाळी निघतो, पहाटेच पोचतो.

तुझा,
टिल्ल्या


५ जुलै

तिकीट काढलंस हे आईला वाचून दाखवलं.

बाकीचं मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा एकेक शब्द.

चार काड्यांचं, छोटं. बायकोने नाक मुरडलं. म्हणून ताईला पाठवलं. टेबलावरचं ऑफिसच्या कपाटात गेलं, हे माझ्या मनगटावर आलं. बरोबर ना? मी चष्मेवाल्याला सांगितलं होतं, भावाने आठवण ठेवून दिलं म्हणून. आणि तू ते लिहिताना विसरलाससुद्धा, कुणाला काय सांगतोयस ते. खोटं तरी नीट बोलायचंस. लहानपणी बरा बोलायचास.

असो. तुझ्या त्या दुकानदाराबद्दल लिहिते, त्यात राग कमी आहे.

वस्तू दुकानात आहे. गिऱ्हाईक दारात आहे. पैसे हातात आहेत. आणि दुकानदार म्हणतो, तुमची लायकी बघतो. आणि गिऱ्हाईक त्याला थँक्यू म्हणतं! मी आजवर वेडी गिऱ्हाइकं पाहिली, पण अशी नाहीत. मला खरं वाटेना, म्हणून करून बघितलं.

दाताच्या डॉक्टरची बायको आली, उशी हवी म्हणाली. समोर ढीग होता. म्हटलं, "या उशा आम्ही सगळ्यांना देत नाही." ती थांबली. "म्हणजे?" म्हटलं, "आमच्याकडे येणंजाणं असेल तर देतो. तुम्ही आधी दोन लोड न्या, एखादं पायपुसणं न्या, मग बघू." मला वाटलं, चप्पल काढेल. तर बाई हळू आवाजात विचारते, "मग नक्की मिळेल ना?" म्हटलं, "सांगता येत नाही." लोड नेले! पायपुसणं नेलं! दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन आली, दुकानवाली आपल्याला ओळखते हे जावेला दाखवायला! मग मलाच शिसारी आली. लोड आणि पायपुसणं परत घेतलं, ढिगातली वरचीच उशी तिच्या हातात दिली, म्हटलं, "न्या, कुणालाही देते मी." तर खूश व्हायचं सोडून बाई रागावली. "सगळ्यांनाच देता का?" म्हणाली आणि उशी ठेवून निघून गेली.

बस. तुझा सगळा शौक मला कळला. उशी कुणालाच नको असते. दुसरीला मिळाली नाही, एवढंच हवं असतं.

नावाने हाक मारली म्हणून विरघळलास. नावाने हाक मी फुकट मारते. "ए लिफ्ट" म्हणणाऱ्या शिपायाला कानाखाली द्यायची होतीस, तिथेच संपलं असतं. एवढी वर्षं तो शिपाई मनगटावर बांधून फिरतोयस.

वीसला ये. आईने तुझ्यासाठी दवाखान्यात दारासमोरचा पलंग आतापासून मागून ठेवलाय, दारातून आलास की समोर दिसावास म्हणून. आज आशीर्वाद नाही.

ताई


११ जुलै

ती. ताई,

काय लिहू? ती वस्तू तुला शोभेल असंच मला वाटलं होतं. खरंच. घेतली का आणि पाठवली का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला नीट सांगता येत नाहीये. भेटल्यावर बोलू.

उशीचं मी रविवारी मखमलीवर सांगितलं. सगळे हसले. सिमेंटवाला हसला नाही. तो म्हणाला, "तुमच्या ताईंना विक्री कळते." मला वाटतं, तो तुझ्या दुकानात उशी घ्यायला येईल.

तू म्हणतेस ते मला पटत नाही असं नाही. पटतं. पण आता इतक्या जवळ येऊन मागे फिरता येत नाही. विक्रेता म्हणाला, याच महिन्यात एक येईल. फोन आला की त्याच दिवशी स्वतः जाऊन घ्यायचं, दुसऱ्याला पाठवून चालत नाही, नाहीतर ते खालच्या नावाला जातं. खाली कोण आहे ते तुला ठाऊक आहे. पण वीसला यायचं ठरलंय ते ठरलंय. त्यांना मी सांगूनच ठेवलंय की त्या दोन दिवसांत नको. नोंद करतो म्हणाले.

आईला सांग, काही हवं असेल तर कळव. येताना आणतो.

टिल्ल्या


२२ जुलै

ती. ताई आणि आईला नमस्कार,

आधी ऐकून घ्या.

बॅग दारात होती. बूट घातले होते. शप्पथ. तेवढ्यात दुकानातून फोन आला, निळं आलंय, आज बंद व्हायच्या आत. मी म्हटलं, मी सांगितलं होतं. तो म्हणाला, सर, काही हरकत नाही, मग आम्ही पुढच्या नावाला विचारतो. अगदी नम्रपणे म्हणाला. मला वाटलं, जाऊन येतो, रात्रीची दुसरी गाडी धरतो. पण तिथे घाई करता येत नाही. आतल्या खोलीत बसवतात, पांढरे हातमोजे घालतात, कागदपत्रं, सह्या, फोन बंद ठेवायचा असतो, मग एक फोटो. बाहेर पडलो तर गाडी गेलेली. सकाळी फोन चालू केला तर तुझे कॉल. उचलायचं धाडस झालं नाही. काय सांगणार होतो?

आईचं ऑपरेशन चांगलं झालं असणारच. डॉक्टरीण हुशार आहे. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस येतो.

फोटो सोबत पाठवतोय. आईला दाखव. मनगटावर नुसतं ठेवलंय, बांधलेलं नाही, वरची पातळ पारदर्शक पट्टी काढली की नवेपणा जातो. चावीही दिलेली नाही. ते असंच तिजोरीत राहील.

ताई, रागावणारच आहेस, तर हेही सांगतो. मी रविवारी ते मखमलीवर ठेवलं तेव्हा सिमेंटवाल्याचं तोंड बघायला हवं होतंस. काही बोलला नाही. "छान"सुद्धा नाही.

टिल्ल्या


६ ऑगस्ट

टिल्ल्या,

तू सिमेंटवाल्याचं तोंड बघितलंस. आता इकडे काय झालं ते वाच.

वीसला सकाळी डॉक्टरणीने पट्टी सोडली. पट्टी सुटली, कापूस निघाला, पण आईने डोळा उघडला नाही. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, उघडा." आई म्हणाली, "आला का?" मी म्हटलं, "येतोय, गाडीला उशीर झाला असेल." हे मी बोलले. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, आणि तुझ्यापेक्षा बरं बोलले. आई म्हणाली, "मग थांबते." आणि घट्ट डोळा मिटून बसली. दारासमोर मागून घेतलेल्या त्या पलंगावर. नर्सने सांगितलं, समजावलं. डॉक्टरीण चिडली, म्हणाली, मला तपासायचं आहे, दृष्टी आली की नाही कळायला हवं. आई म्हणाली, "आली असेल तर कुठे जाते? थांबेल." डॉक्टरीण पुढच्या पलंगांकडे गेली. मी बाहेर जाऊन तुला फोन लावत होते.

दुपारचं जेवण डोळा मिटून झालं. शेजारच्या पलंगावरची बाई विचारत होती, "अजून नाही दिसत का हो?" आई म्हणाली, "दिसतंय, पण बघत नाहीये." कुणाची तरी पावलं वाजली की ती मान दाराकडे करायची, डोळा मिटलेलाच. मी तिच्याकडे बघत बसले होते, आणि तुझ्या त्या निळ्या तबकडीला माझ्या भाषेत जे काही म्हणता येईल ते सगळं म्हणून झालं. इथे लिहीत नाही, कागद जळेल.

भेटीची वेळ संपली. नर्स सगळ्यांना बाहेर काढू लागली. मग मीच तिचा खांदा धरला, म्हटलं, "आई, उघड. मी आहे, मीच." तिने उघडला. बराच वेळ बघितलं माझ्याकडे. मग म्हणाली, "म्हातारी झालीस ग तू." मी म्हटलं, "हो. तू बघत नव्हतीस तेव्हा झाले." ती हसली, मग रडली. डॉक्टरीण धावत आली, रडायचं नाही म्हणून ओरडली. दिसतंय तिला. चांगलं दिसतंय. डॉक्टरणीच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला आणि तिने तो बोलूनही दाखवला.

तू का आला नाहीस ते मी तिला सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं ते तिने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. बोट ठेवून, हळूहळू, सगळं. मला मधे काही गाळता आलं नाही. वाचून झाल्यावर फोटो घेतला. खिडकीत नेला. उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "याच्यावर पातळ कागद कसला आहे?" मी म्हटलं, तो काढत नाहीत. "आणि काटे? दहा वाजून गेलेत इथे, पण फोटोत मागे भिंतीवरच्या घड्याळात तर नऊच वाजलेत." म्हटलं, ते बंद आहे, चालवत नाहीत. ती म्हणाली, "मग हा वेळ कशात बघतो?"

म्हटलं, "फोनमध्ये."

"फोन असतो का त्याच्याजवळ?" तिने विचारलं. अगदी सरळ विचारलं, टोमणा मारायची सवय नाही तिला, ती माझी आहे. तिने फोटो उशीखाली नाही ठेवला. खिडकीतच ठेवला, पालथा.

तुझं ते चार काड्यांचं किल्लीछाप आता आईच्या हातात आहे. मला नको होतं आणि टाकवत नव्हतं. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की ती त्यात बघते आणि आतून ओरडते, "अग, झाली वेळ!" आकडे नाहीत तरी तिला कळतं. काचेवर आणखी ओरखडे आहेत, पट्ट्याला हळद लागलीये, टिकटिक चालू आहे. तुझ्या घराण्यातलं पहिलं घड्याळ असेल, ज्याने कुणाला तरी वेळ सांगितली. दुपारी ती दुकानात येऊन बसते, दाभणात स्वतः दोरा ओवते आणि उशांची तोंडं शिवते. वाकडी शिवते. तिला सांगू नकोस, मी रात्री उसवून पुन्हा शिवते.

ऑगस्टमध्ये येतो म्हणालास. ते आईनेही वाचलं, पण या वेळी तिने पलंग दारासमोर घ्यायला सांगितलेला नाही. आलास तर समजेल तिला, आता दिसतंय.

आईने आशीर्वाद लिहायला सांगितलाय, तो लिहिला असं समज. तिचा तसाच मिळतो, कुणालाही, ढिगातला. माझ्या आशीर्वादासाठी मात्र आता यादी आहे. तुझं नाव आहे तिच्यात, खाली. चष्मेवाला तुझ्या वर आहे, तो दवाखान्यात डबा घेऊन आला होता. नाव सरकवायचं असेल तर आधी नको असलेल्या वस्तू घ्याव्या लागतात, तुला पद्धत ठाऊक आहे. आईची तीच तीच गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. तिला धरून तपासणीला न्यायचं आणि तिथल्या बाकावर बसून राहायचं, नावाने कुणी हाक मारेपर्यंत. तिच्या डोळ्यासमोर उभं राहायचं, आणि तिला हवं तितका वेळ बघू द्यायचं.

हे सगळं केलंस तर मिळेलच असं नाही. बघू.

ताई